सीएमएलची गोळी चालू असताना पळणं, पोहणं, काम: कुठवर आणि कसं?

रानजाई

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल, रक्ताचा एक कर्करोग), क्रॉनिक फेज म्हणजे सुरुवातीचा संथ टप्पा, वय ४४. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम रोज एकदा, चौथा महिना चालू. निदानाच्या वेळी प्लीहा बरगडीखाली ५ सेंटिमीटर होती, आता हाताला लागत नाही. हिमोग्लोबिन १०.८, प्लेटलेट १,४०,०००, पांढऱ्या पेशी नॉर्मल. तीन महिन्यांचा बीसीआर-एबीएल (आजाराच्या जनुकाची रक्तातली पातळी) ६.८ टक्के, आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर.

सध्याचा त्रास: रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी डोळ्यांभोवती सूज असते, गोळीनंतर तासाभराने मळमळ होते आणि दुपारी तीनच्या सुमाराला अंगातलं सगळं बळ ओसरल्यासारखं होतं. आजाराआधी आठवड्यातून तीनदा ५ किलोमीटर पळणं आणि दोनदा पोहणं होतं. आता आजूबाजूचे सगळे "विश्रांती घ्या" एवढंच सांगतात. ओपीडीत वेळ कमी असतो, तिथे रिपोर्टवर बोलणं होतं, दिवस कसा काढायचा यावर होत नाही.

तर विचारायचंय ते असं. गोळी कोणत्या वेळेला आणि कशी घेतली तर दिवस मोकळा मिळेल? व्यायाम कुठून सुरू करायचा, कोणत्या आकड्याला थांबायचं? गोळे आणि थकवा यांवर नेमकं काय करता येतं? धीराचे शब्द भरपूर मिळतात. मला मापं हवी आहेत.

---

पिंपळपान

रानजाई, आधी गोळीचं बोलू. बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

इमॅटिनिब दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणासोबत घ्यायचं, मोठा पेला भरून पाण्याबरोबर. मोठा पेला म्हणजे २०० ते २५० मिली, दोन घोट नव्हे. मळमळ बहुतेक वेळा तिथेच सुरू होते: हे औषध पोटाच्या अस्तराला थेट चुरचुरतं, त्यामुळे अर्धवट पोट आणि कमी पाणी म्हणजे त्रास ठरलेलाच. नाश्त्यासोबत घेत असाल आणि नाश्ता हलका असेल, तर दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणावर न्या. वेळ बदलताना एका दिवशी दोन डोस होणार नाहीत एवढं पाहायचं. रात्री घ्यायचं ठरवलं तर झोपण्याआधी किमान दोन तास. लगेच आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत रेंगाळते आणि छातीत जळजळतं. बरेच जण "रात्री झोपताना घ्या, मळमळ झोपेत निघून जाईल" असं सुचवतात, त्यातली ही खोच ते सांगत नाहीत.

गोळी गिळवत नसेल तर ४०० ची गोळी २०० मिली साध्या पाण्यात टाका (१०० ची असेल तर ५० मिलीत), चमच्याने ढवळत विरघळू द्या आणि विरघळली की लगेच प्या. तळाशी राहिलेला साका थोडं पाणी घालून तोही प्यायचा. घरातल्या गरोदर बाईने हे पाणी हाताळू नये.

उलटी झाली तर? पुन्हा गोळी घेऊ नका. किती पोटात गेली ते कळायला मार्ग नसतो. पुढची गोळी नेहमीच्या वेळेला. आठवड्यात दोनदा असं झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता कळवा, मळमळीवरची गोळी अर्धा तास आधी घेण्याची सोय असते.

विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर जेवणासोबत घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीही नाही.

आता ही गोळी चुकवण्याबद्दल जरा विस्ताराने, कारण सक्रिय माणसांचा घोळ नेमका इथे होतो. पळायचा दिवस आहे, मळमळ नको, म्हणून आजची राहू दे. प्रवास आहे, उद्या घेऊ. बरं वाटत असतं, त्यामुळे काही बिघडलं असं वाटतही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या औषधाच्या बाटलीला झाकणातच इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवलं होतं. ९० टक्क्यांहून जास्त डोस घेणाऱ्यांत ६ वर्षांत 'मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स' (बीसीआर-एबीएल ०.१ टक्के किंवा कमी होणं) मिळण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली. ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणं, इतकंच. म्हणून त्रासापायी गोळी सोडाविशी वाटली तर त्या त्रासावर इलाज मागा. गोळी परस्पर सोडू नका, कमीही करू नका. डॉक्टरांनी रक्तपेशी घटल्यामुळे काही दिवस थांबवली तर ती वेगळी गोष्ट, तिथे पुन्हा कधी सुरू करायची हे ठरलेलं असतं.

आठवणीसाठी सात कप्प्यांची डबी सगळ्यांत उपयोगी. मोबाइलचा गजर "घेते नंतर" म्हणून बंद होतो. डबी मात्र मंगळवारचा कप्पा भरलेला आहे की रिकामा हे स्पष्ट दाखवते, आणि "घेतली होती का?" या शंकेपोटी दुसऱ्यांदा घेतली जात नाही.

काही गोष्टी या औषधाशी भांडतात. ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, फळ आणि रस दोन्ही (नावावरून द्राक्ष समजू नका, हे मोसंबीच्या जातीचं मोठं, कडसर फळ, त्याच्या जवळचं पपनसही टाळलेलं बरं). त्यामुळे औषधाची रक्तातली पातळी चढू शकते. उलट सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या कॅप्सूल आणि क्षयावरचं रिफॅम्पिसिन ती पातळी पाडतात. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), केटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) ती वाढवतात. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर नक्की सांगा: इमॅटिनिबमुळे त्याची पातळी काही पटींनी चढते आणि स्नायू दुखू लागतात. पॅरासिटामॉल अधूनमधून चालतं, पण रोज मोठ्या मात्रेत नको, दोन्हींचा भार यकृतावर पडतो. हर्बल अर्क, चूर्ण, "रक्तशुद्धी"च्या कॅप्सूल यांत नेमकं काय आहे ते बाटलीवर पूर्ण लिहिलेलं नसतं, म्हणून त्या टाळा.

---

ध्रुवतारा

व्यायामाचं मी सांगते. नुसती विश्रांती हा सल्ला सीएमएलच्या थकव्यावर उलटा पडतो. आठवडाभर पडून राहिलं की स्नायू घटतात, मग तेच काम जास्त दमवतं, मग आणखी पडून राहावंसं वाटतं.

आधी थांबायचे आकडे. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त (फॅरनहाइटमध्ये १००.४) असेल तर व्यायाम नाही, त्या दिवशी डॉक्टरांना फोन. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर पडण्या-आपटण्याचे प्रकार आणि अंगाला अंग भिडणारे खेळ बंद, चालणं चालू. २०,००० च्या खाली घरातल्या घरात हलकं चालणं, तेही विचारून. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर जोराचं काही नको. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली असतील तर गर्दीचा व्यायामकक्ष आणि सार्वजनिक तलाव टाळा. तुमचे आकडे या सगळ्यांच्या बरेच वर आहेत.

प्लीहेचं वेगळं. ती बरगडीखाली हाताला लागते तोवर पोटावर दाब किंवा मार बसेल असं काही करायचं नाही: जड वजन श्वास रोखून उचलणं, पोटाचे जोरकस व्यायाम, धक्काबुक्कीचे खेळ. तुमची आता लागत नाही म्हणजे वाट मोकळी होते आहे, पण डॉक्टरांकडून पोट तपासून "आत गेली" हे ऐकून घ्या. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ आणि सोबत डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, असं झालं तर थेट आपत्कालीन विभाग.

आता सुरुवात. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा १० मिनिटं चालणं. वेग इतका की बोलता यावं, गाता येऊ नये. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत २ ते ३ मिनिटं वाढवा. नऊ ते बारा आठवड्यांत सलग ३० मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं इथवर यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आदल्या दिवसापेक्षा जास्त गळाल्यासारखं वाटलं तर मागच्या आठवड्याच्या मापावर परत या आणि तिथे आणखी एक आठवडा काढा.

पळणं त्यानंतर. ३० मिनिटांचं भरभर चालणं चार आठवडे सहज जमलं की १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असे ८ फेरे, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. मग पळण्याचं मिनिट वाढवायचं, चालण्याचं कमी करायचं. जुन्या वेळा डोळ्यांसमोर ठेवू नका. हिमोग्लोबिन १०.८ ला हृदय त्याच वेगासाठी जास्त ठोके मारतं, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ तुम्हाला उगाच नापास करेल. धाप किती लागते हे पाहून वेग ठरवा.

सोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, मध्ये ४८ तास. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं ८ ते १०, भिंतीला हात टेकून दंड ८ ते १०, टाचा उचलणं १० ते १५, रबरी पट्टा ओढणं १०. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. नुसतं चालून-पळून दुपारची गळण पूर्ण हटत नाही. मांड्यांत ताकद आली की जिना, उठबस, सामान यांत खर्च होणारा दम वाचतो. लोक हा भाग सोडतात, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पोहताना एक धोका पोटरीत येणाऱ्या गोळ्यांचा आहे. पाण्यात पोटरीत गोळा आला तर माणूस घाबरतो. पहिला महिना पाय टेकतील अशा उथळ भागातच आणि कुणीतरी काठावर असताना पोहा. गोळा आला की पालथं पोहणं थांबवून उताणं व्हा, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा.

पोटरीतल्या गोळ्यांवर रोजचा उपाय: झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला लावून पोटरी ताणायची, ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. दिवसभराचं पाणी नीट, जुलाब होत असतील तर जास्त. एवढ्याने दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट तपासून मागा. फॉस्फेट मुद्दाम म्हणा. इमॅटिनिबने ते खाली जातं आणि नेहमीच्या पॅनलमध्ये ते असेलच असं नाही. कमी निघालं तर तेवढंच भरून काढायचं. न तपासता गोळ्या चघळत बसू नका.

एक फरक लक्षात ठेवा. रात्री, आराम करताना येणारा आणि ताणल्यावर सुटणारा गोळा इमॅटिनिबचा नेहमीचा. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी दुखायला लागते, थांबलं की दोन-पाच मिनिटांत थांबते, पुन्हा चाललं की पुन्हा तेच, असं असेल तर ते रक्तवाहिनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. नायलोटिनिब आणि पोनॅटिनिब (सीएमएलचीच दुसरी औषधं) घेणाऱ्यांनी हे "गोळे" म्हणून सोडून देऊ नये. तसंच डॅसॅटिनिब या आणखी एका औषधावर असताना धाप वाढली, आडवं झाल्यावर कोरडा खोकला यायला लागला, तर "व्यायाम सुटलाय म्हणून" असं समजू नका. फुप्फुसाभोवती पाणी साठलंय का ते एक्स-रे सांगतो.

---

सातवीण

दोघांनी बरंच सांगितलंय. सूज आणि थकवा राहिलं, तेवढं जोडते.

डोळ्यांभोवतीची सूज सकाळी जास्त असते, कारण रात्री आडवं असताना पाणी तिथे उतरतं. उशी थोडी उंच, मीठ कमी, सकाळी थंड पाण्याची पट्टी. बहुतेकांना एवढं पुरतं. पण रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. आठवड्यात २ किलो किंवा जास्त वाढलं, पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, धाप लागते, तर कळवायचं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात कधीतरी लालभडक डाग दिसेल. दिसायला भयंकर, पण दुखत नसेल आणि नजर स्वच्छ असेल तर साधारण दोन आठवड्यांत आपोआप विरतो. प्लेटलेट मात्र एकदा पाहून घ्या. त्वचा फिकट पडते, उन्हात लवकर भाजते, तेव्हा बाहेर पळताना पूर्ण बाह्या आणि एसपीएफ ३० चं क्रीम.

थकव्याला "औषधाचाच असणार" म्हणून मोकळं होऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी१२, झोप आणि मनाची स्थिती, ही पाच दारं आधी वाजवायची. सतत उदास वाटणं, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तोही उपचार करण्यासारखा आजार आहे, रक्ताच्या रिपोर्टइतकाच डॉक्टरांना सांगण्यासारखा.

मग दोन आठवडे तासागणिक शक्तीला ० ते १० गुण द्या आणि शेजारी गोळीची, जेवणाची, झोपेची वेळ लिहा. तुमची पडती वेळ तीनची आहे असं तुम्ही म्हणता, वहीत कदाचित ती गोळीनंतर ठरावीक तासांनी येताना दिसेल. तसं दिसलं तर गोळी रात्रीच्या जेवणावर नेल्याने पडतीची वेळ झोपेत ढकलता येते. दुपारची डुलकी २० ते ३० मिनिटं, तीनच्या आत. त्याहून लांबली की रात्रीची झोप मोडते. डोक्याचं अवघड काम गुण चांगले असतात त्या तासांत ठेवा, आणि कामाच्या ठिकाणी सवलत मागताना "मला थकवा येतो" असं न म्हणता "बैठका बारापूर्वी हव्यात आणि तीन महिन्यांतून एक दिवस तपासणीसाठी हवा" असं नेमकं मागा. नेमक्या मागणीला होकार लवकर मिळतो.

---

रानजाई

तिघांचेही आभार. फॉस्फेट कधीच झालेलं नाही, या वेळी मागते. गोळी नाश्त्यासोबत चालली होती, तीही हलक्या. चूक तिथेच दिसते.

आता रिपोर्ट. ६.८ टक्के म्हणजे चांगलं की नुसतं बरं? पुढचा रिपोर्ट येईपर्यंतचे दोन आठवडे फार जड जातात. व्यायामाने हा आकडा बदलतो का?

---

पिंपळपान

व्यायामाने हा आकडा बदलत नाही, वरही नाही आणि खालीही नाही. त्यावर काम करते ती गोळी. व्यायामाने तुम्ही ती गोळी वर्षानुवर्षं घेऊ शकाल अशा राहता.

६.८ चांगला आहे. टप्पे असे: तीन महिन्यांना १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांना १ टक्का किंवा कमी, बारा महिन्यांना ०.१ किंवा कमी. ०.१ म्हणजेच 'मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स', एमआर-३. त्याखाली ०.०१ ला एमआर-४ आणि ०.००३२ ला एमआर-४.५ म्हणतात. प्रत्येक पूर्ण अंक म्हणजे दहा पट घट. १०० टक्के ही तुमची निदानाच्या दिवशीची पातळी नव्हे, तो सगळ्यांसाठी ठरवलेला समान आधार आहे. म्हणून कुणाचा पहिला आकडा ६० असतो, कुणाचा १२०, आणि त्यावरून आपसात तुलना करण्यात अर्थ नसतो.

वाचताना तीन गोष्टी बघा. एक, रिपोर्टवर 'आयएस' म्हणजे आंतरराष्ट्रीय मोजपट्टी लिहिलंय का. नसेल तर आकडा या टप्प्यांशी जुळवता येत नाही. दोन, दर वेळी तीच प्रयोगशाळा. तीन, खाली गेल्यावर "आढळले नाही" लिहून आलं तर नियंत्रण जनुकाच्या (तुलनेसाठी मोजतात त्या जनुकाच्या) किती प्रती मोजल्या ते पाहा: एमआर-४ म्हणायला किमान १०,००० हव्यात, एमआर-४.५ साठी ३२,०००. कमी प्रतींच्या नमुन्यात "आढळले नाही" याचा अर्थ "नीट शोधता आलं नाही" असाही होतो. नमुना उशिरा पोहोचला की त्यातला आरएनए विरतो, म्हणून रक्त त्याच दिवशी प्रयोगशाळेत जाईल अशा वेळी द्या, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नको. या चाचणीसाठी, म्हणजे पीसीआरसाठी, उपाशी राहावं लागत नाही.

अगदी खालच्या पातळीवर ०.०१ चा ०.०२ झाला तर झोप उडवून घेऊ नका, चाचणीची स्वतःची चूकच तेवढी असते. ०.१ च्या खाली स्थिरावलेला आकडा पुन्हा ०.१ च्या वर गेला तर मात्र आधी "गोळ्या चुकल्या का, नवीन औषध सुरू झालं का" याचं खरं उत्तर द्यायचं, मग चाचणी परत, आणि गरज पडली तर जनुकातल्या बदलाची तपासणी. त्या उत्तरात लपवाछपवी झाली तर चांगलं चालणारं औषध विनाकारण बदललं जातं.

आशेचं म्हणाल तर ती कशावर उभी आहे तेही सांगतो. फिलाडेल्फिया क्रोमोसोम १९६० मध्ये सापडला. तो ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने होतो हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या जोडातून तयार होणाऱ्या प्रथिनालाच रोखणारं इमॅटिनिब २००१ मध्ये मंजूर झालं. त्याच्या मुख्य चाचणीत १,१०६ रुग्ण होते. ज्यांनी इमॅटिनिबने सुरुवात केली त्यांपैकी दहा वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८३.३ टक्के निघालं. आणि आज उपचाराला चांगला प्रतिसाद देणाऱ्यांचं आयुर्मान जवळजवळ सर्वसामान्यांइतकं आहे. औषध जमलं नाही तर डॅसॅटिनिब, नायलोटिनिब, बोसुटिनिब, पोनॅटिनिब आणि अॅसिमिनिब रांगेत आहेत. तेव्हा सहा महिन्यांच्या पलीकडचे बेत आखा, दहा वर्षांचेही आखा.

---

चाफा

धागा उपयोगी आहे. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल असेल तर यातलं किती लागू होतं? सध्या औषध नाही, नुसतं लक्ष ठेवून आहेत. काहीच करत नाहीत याची धास्ती वाटते.

---

सातवीण

चाफा, व्यायामाचं सगळं लागू. गोळीचं काहीच नाही, औषधं वेगळी आणि त्यांचे नियम वेगळे.

लक्ष ठेवणं हाच सीएलएलच्या सुरुवातीचा योग्य उपचार आहे. लक्षणं नसताना लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढत नाही, दुष्परिणाम मात्र लवकर सुरू होतात. नुसत्या पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून औषध सुरू करत नाहीत. कशाने सुरू करतात ते माहीत असलं की धास्ती उतरते: हिमोग्लोबिन १० च्या खाली जाणं, प्लेटलेट १,००,००० च्या खाली, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सहा महिन्यांच्या आत दुप्पट, प्लीहा बरगडीखाली ६ सेंटिमीटरहून जास्त, सहा महिन्यांत १० टक्के वजन कारणाशिवाय घटणं, संसर्ग नसताना दोन आठवडे ३८ अंशांवर ताप, महिनाभर रात्री कपडे भिजतील इतका घाम. ही यादी कपाटाच्या दारावर आतून लावा. यातलं काही दिसलं तर फोन, नाही तर ठरलेल्या तारखेलाच.

सीएलएलमध्ये तुमचं काम संसर्ग टाळण्याचं आहे. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकोकल, नागिणीची रिकॉम्बिनंट लस, आणि शक्यतो औषध सुरू होण्याआधी, कारण नंतर शरीर लसीला कमी प्रतिसाद देतं. जिवंत विषाणूच्या लसी नकोत. वारंवार छातीचे संसर्ग होत असतील तर रक्तातलं आयजीजी (संसर्गाशी लढणारं प्रथिन) मोजायला सांगा. त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो, म्हणून वर्षातून एकदा सगळी त्वचा तपासून घ्यायची.

पुढे औषध लागलंच तर दोन गोष्टी आत्ताच माहीत असाव्यात. व्हेनेटोक्लॅक्स पाच आठवड्यांत पायरी-पायरीने चढवतात: २०, ५०, १००, २००, ४०० मिलिग्रॅम. पेशी एकदम फुटून रक्तात क्षार साठू नयेत म्हणून. त्या काळात दीड ते दोन लिटर पाणी, सुरू करण्याच्या दोन दिवस आधीपासून, आणि ठरलेल्या रक्ततपासण्या तासांवर. तो महिना प्रवासाचा नव्हे. इब्रुटिनिबसारखी औषधं रक्तस्राव वाढवतात: शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ३ ते ७ दिवस थांबवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात, म्हणून दाताच्या डॉक्टरांनाही आधी सांगायचं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल त्यासोबत नकोत. छातीत धडधड अनियमित वाटली तर व्यायाम थांबवून ईसीजी.

---

रानजाई

शेवटचे दोन प्रश्न. पुढच्या महिन्यात आठ तासांच्या वेळफरकाचा प्रवास आहे, गोळीचं काय? आणि कधीतरी गोळी बंद होते असं वाचलं, ते खरं का?

---

पिंपळपान

प्रवास: गोळ्या हातातल्या सामानात, मूळ पाकिटात, लागतील त्याहून दहा दिवसांच्या जास्त. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव असू द्या, कंपनीचं नाव परदेशात कळत नाही. वेळ रोज एक-दोन तासांनी सरकवत नव्या जेवणाच्या वेळेला आणा. एकदाच घ्यायच्या गोळीला काही तासांचा फरक चालतो, दोन डोस एकाच दिवशी येणं चालत नाही. नायलोटिनिबवाल्यांना हे जड जातं: १२ तासांचं अंतर, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, त्यामुळे त्यांनी निघण्याआधीच कागदावर वेळा मांडाव्यात. लांबच्या बसण्यात दर तासाला उठून चाला आणि टाचा वर-खाली करा, गोळे कमी येतात.

बंद करण्याचं खरं आहे, पण ते बरंच पुढचं. साधारणपणे औषधाची किमान तीन वर्षं (अनेक तज्ज्ञ पाच म्हणतात) आणि एमआर-४ किंवा त्याहून खोल पातळी सलग दोन वर्षं, त्यानंतरच विचार. इमॅटिनिब थांबवण्याच्या पहिल्या मोठ्या फ्रेंच अभ्यासात शंभर रुग्ण होते. बारा महिन्यांनी सुमारे ४१ टक्के गोळीविना राहिले. ज्यांचा आकडा परत चढला त्यांच्यात तो बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत चढला, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो पुन्हा उतरला. म्हणून बंद केल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर लागतो. तेवढी तपासणी वेळेवर होत नसेल तर बंद करू नये. काहींना बंद केल्यावर काही आठवडे सांधे-स्नायू दुखतात, तो आजार परतल्याचा पुरावा नसतो. मूल हवं असेल तर बाईने या गोळ्यांवर असताना गर्भधारणा होऊ द्यायची नसते, त्यामुळे ती चर्चा दोन-तीन वर्षं आधी उघडा.

---

ध्रुवतारा

एक राहिलं. रक्त द्यायच्या आधीचे ४८ तास जोराचं पळणं किंवा ताकदीचा व्यायाम करू नका. सीपीके (स्नायूंची तपासणी) आणि एएसटी (यकृताच्या तपासणीत येणारं) हे आकडे व्यायामानेही चढतात. सीपीके इमॅटिनिबनेही चढतं, मग औषधामुळे की पळण्यामुळे ते कुणालाच कळत नाही आणि डोस उगाच थांबतो. चालणं चालेल. आणि जोराच्या व्यायामानंतर स्नायू फार दुखून लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी तपासणी.

---

रानजाई

पुढची तपासणी २३ तारखेला, म्हणजे २१ पासून फक्त चालणं. गोळी आजपासून रात्रीच्या साडेसातच्या जेवणावर, झोप दहाला. आज सकाळी नाश्त्याला घेतली नाही, म्हणजे दिवसाचा डोस एकच राहतो. वजनाचा काटा आणि वही बाहेर काढून ठेवली आहे. सहा महिन्यांचा पीसीआर आला की इथेच आकडा टाकते.